सोयाबीनची साय आणि कोवळा जरजीर

सोयाबीनच्या दुधावर जी साय धरते, ती काढून, वाळवून, कागदासारख्या घड्या घालून विकतात आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं ती विकत घेतात, हे मला दुबईत, करामा भागात राहायला येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं. नसतं कळलं तरी चाललं असतं.

कळवलं आमच्या मुलीने. नववीत गेल्यापासून घरचं जेवण तिला ‘सो हेवी, बाबा’ वाटायला लागलं होतं. आठवड्यात आम्ही सगळे एकत्र जेवायचो ते फक्त शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी. नेमकी तेव्हाच ती खालच्या मजल्यावरच्या चिनी मैत्रिणीकडे जायची आणि ही साय पालेभाजीबरोबर खाऊन यायची. तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर मसालेभात गिळायचा मला कंटाळा आला. म्हटलं, यल्ला, हा पाचोळा घरीच शिजवतो. बघू कशी जाते.

मार्च होता, एसी अजून बंद होते. बाजारात कोवळा जरजीर आला होता. मुळ्याच्या पाल्याचा हा अरबी भाऊ त्यातल्या त्यात माणसांत बसणारा. साय कोमट पाण्यात भिजवली, तर ओल्या लिफाफ्यासारखी झाली. वासही तोच. थेंबभर तेल, आलं, मीठ, वर पाला, जरा हलवलं की खलास. याला स्वयंपाक म्हणायचं तर दाढी करण्यालाही म्हणावं लागेल.

आणि उतरवता उतरवता माझ्या हाताने, मला न विचारता, त्यात मूठभर दाण्याचं कूट टाकलं. पालेभाजी दिसली की आमच्या घराण्याचा हात कुटाच्या डब्याकडे जातोच.

“अहो, कूट?” बायको ओरडली. “आता ती हात तरी लावेल का?”

मी कढई चाळणीत उपडी केली आणि चाळणी नळाखाली धरली. तेवढ्यात मुलगी बूट घालून आली.

“बाबा, व्हॉट आर यू डूइंग?”

“तुझी भाजी धुतोय.”

“आफ्टर कुकिंग?”

“कूट पडलं गं त्यात.”

ती हसत हसत खाली फरशीवरच बसली. मग मैत्रिणीला फोन लावला. “आय विल कम आफ्टर लंच. माय डॅड वॉश्ड द फूड.”

म्हणजे बिल्डिंगभर इज्जतीचा निकाल. पण ती खुर्चीत बसली, बुटांसकट, आणि दोनदा वाढून घेतलं.

“नेक्स्ट फ्रायडे डोन्ट वॉश इट, ओके?”

“इन्शाल्ला,” मी म्हणालो, आणि माझ्या वाट्याची साय आमटीत बुडवून मारली.