कथेतल्या पोरीची ओटी

कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासात एक हिरवा खण हाताला लागला, आणि काही वर्षांपूर्वी गडमुडशिंगीला आमच्या सोप्यात येऊन बसलेली ती वाचक बाई आठवली. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली पहिली मी. तेव्हा मोबाईलवर भागाभागानं एक कथा लिहीत होते. कथेतली पोरगी ठरलेलं लग्न मोडून नोकरीला निघाली, तशी ही बाई पत्ता विचारत शाहूवाडीहून एसटीनं थेट दारात. "पोरीचं लगीन लाव. पयल्यापास्नं वाचत्या मी, माझा काय हक्क न्हाय व्हय?" म्हणत तिनं पिशवीतून खण-नारळ काढला. "ही तिची ओटी." मी म्हटलं, "मावशी, गोष्ट माझी आहे." माझ्या आईला अक्षर येत नाही, मी वाचून दाखवायचे आणि तीही कथेतल्या त्याच लग्नासाठी माझ्या मागं लागलेली. पण त्या दिवशी म्हणाली, "ओटीला न्हाय म्हणू ने, घे. शेवट तुझा तू लिही." शेवटच्या भागात पोरगी हिरव्या खणाचं पोलकं घालून कामावर गेली. बाईंचा फोन आला, "लगीन न्हाईच लावलंस. पर पोलकं झ्याक बसलंय की तिला." खण मी अजून शिवलेला नाही. तो माझा कुठं आहे?