इस्त्री केलेला रुमाल

आमची ही डॉक्टर नाही, नर्सही नाही. तरी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात येणारे आईबाप आधी हिलाच शोधतात, हे सांगताना माझी छाती फुगते. फुगू दे. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसलेल्या माणसाला तेवढी मुभा असावी.

पूर्वी ही तिथेच नोंदणीच्या खिडकीवर होती. डॉक्टर घाईत सांगून जायचे आणि आईबाप हिच्या खिडकीशी येऊन विचारायचे, म्हणजे नक्की काय? ही आत जाऊन समजून घ्यायची आणि साध्या शब्दांत सांगायची. शेवटी रुग्णालयानं खिडकी दुसऱ्याला दिली आणि हिला काचेबाहेरची खुर्ची. कुठली नळी कशाची, यंत्र वाजलं की कधी घाबरायचं, कोपरापर्यंत हात कसे धुवायचे, सगळं हीच शिकवते. घरी मला शब्द बोलू देत नाही, तिथे म्हणे तासन् तास नुसतं ऐकून घेते.

या कामात माझा वाटा रुमालांचा. मऊ सुती कापडाचे वीतभर चौकोन शिवतो, दर बाळामागे दोन. एक आईनं अंगाशी ठेवायचा, दुसरा बाळाच्या पेटीत, आणि रोज अदलाबदल. बाळाला आईचा वास मिळतो, आईला बाळाचा.

मागच्या वर्षी जेमतेम किलोभर वजनाची एक मुलगी आली. तिची आई ऑपरेशननंतर दोन तासांवरच्या दुसऱ्या रुग्णालयात अडकलेली. बाप गवंडी, रुमालांची ने-आण तोच करायचा. आई फोनवर हिला रोज एकच विचारायची, "ताई, ती मला ओळखेल ना?" रुमाल पोचतोय ना, मग ओळखेल, असं ही सांगायची.

बाराव्या दिवशी बापानं आणलेल्या रुमालाची शिवण उसवली होती. सुटा धागा पेटीत नको, म्हणून हिनं तो घरी आणला. मी हातात घेतला तर कडक घडी आणि साबणाचा वास.

"अगं, हा कुणाच्या अंगावरचा नाही," मी म्हणालो. "हा धुऊन इस्त्री करून आलाय."

हिचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी बापानं सरळ सांगून टाकलं. इथे कोपरापर्यंत हात धुवायला लावतात, मग वापरलेलं कापड तसंच कसं आणायचं? बिचारा दोन्ही रुमाल रोज धूत होता, वाळवत होता, इस्त्री करत होता. मायलेकींना बारा दिवस नुसता साबण मिळाला. मी म्हटलं, चांगलं फैलावर घ्यायचं होतंस त्याला. पण हिनं स्वतःलाच दोष दिला. बावीस वर्षांत कुणी धुतला नव्हता, म्हणून धुऊ नका असं सांगायचं हिला सुचलंच नव्हतं. आता रुमाल देताना ही पहिलं तेच सांगते.

त्यानंतर रुमाल न धुता येऊ लागले. नऊ दिवसांनी आई स्वतः आली. मी नवे रुमाल द्यायला गेलो होतो, म्हणून काचेबाहेरून सगळं पाहिलं. नर्सनं रडणारं बाळ तिच्या छातीवर ठेवलं. थोडी वळवळ केली, मग गाल टेकून पोर गप्प झाली.

आई बाहेर आली ती डोळे पुसतच. "ओळखलं हो ताई. इतके दिवस रुमाल जात होता ना."

बाप खाली मान घालून उभा. आता सगळं बाहेर येणार, असं मला वाटलं.

"यांनी एक दिवस चुकवला नाही," ही म्हणाली. "जाऊन-येऊन चार तास, रोज."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाप तोंड फिरवून रडला.

घरी येताना मी विचारलं, धुण्याचं का नाही बोललीस? ते तोच सांगेल, म्हणाली, पोर घरी गेल्यावर हसतील दोघं. मला हिचा इतका अभिमान वाटला की भर रस्त्यात तसं तोंडावर सांगून टाकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

ही चालता चालता थांबली. म्हणाली, "बरं झालं, तुमची शिवण उसवली."