साहेबांची शंका

आमच्यापैकी कुणी ग्रंथालयाच्या दारात उभी राहिली, की ग्रंथपाल पगारेबाई चष्म्यावरून बघत आणि विचारत, "आज कुठल्या साहेबांना शंका आली?"

कारण आम्ही परिचारिका स्वतःच्या नावानं कधी काही विचारतच नसू. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी नोकरीला लागले, तिथलं ग्रंथालय डॉक्टरांचं समजलं जाई. पुस्तकं इंग्रजी आणि जाडजूड, आणि आम्ही बहुतेक जणी मराठी शाळांतून आलेल्या. मी सटाण्याकडची. डॉक्टरांना काही विचारावं, तर "एवढंही येत नाही?" हे पेशंटसमोर ऐकून घ्यावं लागे. त्यापेक्षा जिना चढून वर जायचं आणि थाप मारायची, "साहेबांनी विचारलंय."

बाईंना ती थाप पुरती ठाऊक होती. त्या पुस्तक काढत, ओळीवर बोट ठेवून मराठीत समजावून देत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "साहेबांना सांगा, परत विचारलं तरी चालेल. पुस्तक कुणाची चहाडी करत नाही." एकदा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं, हे विचारायला मी गेले. बाई म्हणाल्या, "तुमचे साहेब पेशंटची कूस बदलतात? गुणी आहेत हो!" मी शरमले आणि हसलेही.

बाई सातपूरला राहायच्या. नवरा कारखान्यात होता, घर तीन खोल्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. एकदा चहा पिताना मी म्हटलं, "बाई, विचारायची फार लाज वाटते हो." तेव्हा त्या म्हणाल्या, "लाजेचं मला नको सांगू. शाळेत माझा हात वर असायचा, पण मास्तरांना तो दिसायचा नाही. म्हणून माझ्याकडे जो येईल त्याला मी उत्तर देणार. तो कुणाच्या का नावानं येईना."

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या घरी आम्ही बऱ्याच जणी जमलो होतो. जुन्या जणी साहेबांची थट्टा आठवून डोळे पुसत हसत होत्या. नव्या पोरींना ती थट्टा माहीतच नव्हती. त्यांना आठवत होत्या त्या कडक बाई, "आधी स्वतःचं नाव सांग, मग पुस्तक उघडते" म्हणणाऱ्या. थट्टेखोर बाई अशा कडक कशानं झाल्या, ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. मी तिथं तोंड उघडलं नाही.

त्या थट्टेच्या दिवसांतच पेठकडच्या पाड्यावरची एक बाई जुलाब-उलट्यांनी मलूल झालेलं तान्हं घेऊन आमच्या वॉर्डात आली होती. पोर पुढे बरं होऊन घरी गेलं, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं आणि ते निघून गेले. आईनं मला विचारलं, "पोऱ्याला पाजू का, बाय?" मला खात्री नव्हती आणि डॉक्टरांमागे धावायचं धाडस नव्हतं. गेले वर. "साहेबांनी विचारलंय."

बाई कामात होत्या. त्यांनी नेहमीचं पुस्तक उघडलं. जुलाब थांबेपर्यंत दूध बंद ठेवून पोटाला विश्रांती द्यावी, असं त्यात स्वच्छ छापलं होतं. "पुढचं साहेब बघतीलच," त्या हसून म्हणाल्या. मीही हसले. कुठलेच साहेब काही बघणार नव्हते, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

खाली येऊन मी आईला नको म्हणून सांगितलं. ती घुटमळली. "रडतोय ना तो." मी म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय." पोर छातीशी तोंड घासायचं, ती त्याचं तोंड बाजूला करायची. मग मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि ओल्या चोळीनं परत येऊन बसायची.

नवीन पुस्तकं आधी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जात आणि त्यांची सही होईपर्यंत वेष्टनातच पडून राहत. दोन दिवसांनी बाई असाच एक गठ्ठा मागून घेऊन आल्या. त्यात एक पातळ पुस्तिका होती. जुलाबात आईचं दूध मुळीच तोडू नये, असं तिच्यात लिहिलं होतं.

बाईंना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "दुधाचं कुणी विचारलं होतं?" त्यांनी धापा टाकत विचारलं. मी म्हणाले, "मीच." "ते मला माहीतच होतं गं. माहीत असून मी थट्टा करत बसले. दुसरं एक पुस्तक उघडून बघितलं नाही." त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, पुस्तिका दाखवली. डॉक्टरांनी वाचून "पाजू द्या" म्हटलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

पोराचे ओठ वाळले होते, रडण्यात आवाज उरला नव्हता. बाई खाटेशेजारी फरशीवर बसल्या. अख्खा वॉर्ड बघत होता. मी हळूच म्हणाले, "बाई, इथं नको." मला लाज वाटत होती ती चूक चारचौघांत कळण्याची, पोराचे जे हाल झाले त्यांची नव्हे. ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

बाईंनी माझं ऐकलं नाही. त्या आईला म्हणाल्या, "ताई, चूक माझी झाली. मी जुनं पुस्तक बघून सांगितलं. तुझं दूध तोडायला नको होतं. पाज त्याला."

आईनं पोर उचललं, चोळीची गाठ सोडली आणि ती थांबली. बाईंच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "पुस्तकात पाह्यलंस ना, बाय? नीट पाह्यलंस?"

बाईंनी होकाराची मान हलवली, तरी ती पाजेना. शेवटी बाईंनी ती पुस्तिका उघडून तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पानाला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि मग पोराला छातीशी घेतलं.

जिन्यात बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं."