मागच्या दारचा चहा

अलिबागच्या दवाखान्यात मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. माझे धाकटे दीर, सुरेशभावजी, आत जाऊन आले ते माझ्यासाठी चहाचा कप घेऊनच. काही सांगायची गरज नव्हती... न विचारता हातात चहा आला की आपण हरलो, असं आमच्या घरात नवराबायकोचं ठरलेलं होतं. भावजींना ते माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं, ते आत होते.

ह्यांचं कबड्डीवेड अख्ख्या मुरुडला ठाऊक. आमचं घर पटांगणाला लागून, पडवीतून मैदानाची मधली रेघसुद्धा दिसते. तरुणपणी हे आळीच्या संघातून खेळायचे. गुडघा गेला तसे पडवीतल्या खुर्चीत आले. आपला संघ चांगला पुढे असला की पाय पसरून पंचांच्या चुका काढायचे. पण सामना अटीतटीचा झाला, शेवटच्या दोन-चार चढाया उरल्या, की चेहरा उतरायचा. "माझ्याच्यानं बघवत न्हाय गं. तू बघ, तुझं काळीज घट्ट हाय," असं म्हणून स्वयंपाकघरातून थेट मागे वाडीत. तिथे लोकांचा आरडाओरडाही कानावर येऊ नये म्हणून पाण्याचा पंप सुरू करायचे. आमच्या सुपारीला सगळ्यात जास्त पाणी ह्या बरोबरीच्या सामन्यांनीच पाजलं आहे.

माझं काळीज काही घट्ट नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा चढाई कशाला म्हणतात तेही मला कळत नव्हतं. पण कुणीतरी बघायला हवं होतं. पदराचा बोळा मुठीत धरून मी बघायची आणि मनातल्या मनात ह्यांच्यावर चिडायची, की हौस तुमची आणि धडधड माझ्या वाट्याला. जिंकलो की मागच्या दारात जाऊन हात हलवायचा, "या आता." पहिल्यांदा हरलो तेव्हा मात्र काय सांगावं ते सुचेना, म्हणून चहा करून नेला. ह्यांनी कपाकडे पाहिलं आणि पंप बंद केला.

"कितीनं?"

"एकानं."

मग धुण्याच्या दगडावर बसून दोघांनी चहा घेतला. तेव्हापासून तीच पद्धत पडली. हरल्याचं तोंडाने सांगायची वेळ माझ्यावर पुन्हा कधी आली नाही.

हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी सामने बघायचे नाहीत अशी ताकीद दिली. हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "मी कुठं बघतो डॉक्टर? बायको बघते." मला तिथेच हसू फुटलं. ह्या वेळी अलिबागला आत नेताना मात्र माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. "आज तू नको बघूस," म्हणाले. "तू बाहेर बस."

परवा संध्याकाळी पटांगणावर आळीच्या संघाचा अंतिम सामना होता. दार लावून घ्यायचं ठरवलं होतं, पण पाय आपसूक पडवीकडे वळले. ह्यांच्या खुर्चीशेजारच्या माझ्या खुर्चीत बसले. गुण बरोबरीत आले, शेवटची चढाई उरली. हीच ह्यांची उठायची वेळ... खुर्ची आधीच रिकामी होती. आमचा गडी पकडीतून कसाबसा निसटला आणि पडता पडता त्याने मधल्या रेघेला बोट लावलं. आळी नाचायला लागली.

मी उठले, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारात गेले. हातही वर केला होता. वाडीत पंप बंद होता, धुण्याचा दगड कोरडा. एवढा जीव मुठीत धरून पाहिलं ते आता सांगायचं कुणाला? दिवसकार्य आटोपून पाहुणे गेले त्या दिवशीही घर मला इतकं ओकं वाटलं नव्हतं. पटांगणावर ताशा वाजत होता. आळी जिंकली होती. मी आत आले आणि चहा ठेवला.