पेन्सिलीने पुसलेला गाल

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. चांद्यात माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे उत्तरेला मोठी खिडकी असलेली एक खोली, एक रंगवलेला पडदा, तीन पायांवरचा लाकडी कॅमेरा आणि खुंटीला टांगलेला काळा कोट. तो कोट अर्ध्या जिल्ह्याने घातला असेल. कोट चढवला की भला माणूस कचेरीत जबानीला उभा केल्यासारखा ताठ व्हायचा, आणि माझं डोकं फिरायचं. मग मी त्याला धानाचं विचारायचो, बैलांचं विचारायचो. बोलता बोलता तो श्वास सोडायचा आणि त्याचा खरा चेहरा क्षणभर वर यायचा. तेवढ्यात भिंगावरचं झाकण काढायचं. माझी कला काय ती तेवढीच, बाकी सगळी हमाली.

असे किती चेहरे काढले त्याचा हिशेब नाही. बायकोचा मात्र एकच फोटो काढला, आणि तोही जाहिरातीसाठी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पन्नास सालानंतरचे दिवस असतील. नागपूरचा एक केसतेलाचा व्यापारी स्टुडिओत आला. त्याला कॅलेंडरवर लांब केसांची बाई हवी होती. घरंदाज बाई जाहिरातीला बसायला तयार होईना. माझ्या बायकोचे केस गुडघ्यापर्यंत होते. मी तिला विचारलं.

"माह्या तोंडावर देवीचे वण हायेत, ते नाई दिसत काय तुमाले?" ती म्हणाली.

"लोकाईले केस पाहाचे हायेत, तोंड नाई," मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

केसांना चमक आणायची तर उजेड बाजूने घ्यावा लागतो. आणि बाजूच्या उजेडात गालावरचा प्रत्येक खड्डा सावली धरतो. हे मला ठाऊक होतं. मी केसांच्या बाजूने कौल दिला. ती मान जराशी वळवून बसली, मी झाकण काढलं, मनात दोन मोजले आणि लावलं.

तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा. ती काच धुऊन वाळवली तेव्हा तिच्यावर सगळं उलटं दिसत होतं: चेहरा काळा, केस पांढरेशुभ्र. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "म्हातारपणी मी अशी दिसन, नाई?" म्हणाली आणि खूप हसली.

मग मी पेन्सिल घेतली. वण त्या काचेवर पारदर्शक ठिपके होऊन उमटले होते. काचेवर राळेचं पातळ वॉर्निश चोळायचं, पेन्सिलीचं टोक सुईसारखं करायचं आणि एकेक ठिपका भरत जायचा, इतका हलका की कागदावर छापताना तिथे नितळ कातडी दिसावी. चार दिवस मी तेच करत होतो. ती चहा ठेवायला यायची.

"अवो, एवढं काय लिहून राह्यले माह्या गालावर?"

"लिहून नाई राह्यलो, पुसून राह्यलो."

"पुसा, पुसा. मीबी पाहतो उरते काय मंग."

आमच्याकडे बायका अशाच बोलतात. मी हसलो आणि पुढचा ठिपका भरला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण तिच्या गालाकडे इतकं निरखून मी त्या चार दिवसांतच पाहिलं, तेही चूक शोधायची म्हणून.

व्यापारी खूश झाला. मीही फुशारलो होतो. पुढे दुसऱ्या गावचे फोटोग्राफर ती काच बघायला यायचे आणि पेन्सिल कुठे लागली ते त्यांना सापडायचं नाही. मी त्यांना तोऱ्यात सांगायचो, माणसाचा फोटो त्याच्या घरच्यांचा असतो, त्यात तो तोच दिसला पाहिजे. जाहिरातीतल्या चेहऱ्याचं तसं नाही. बघणाऱ्या प्रत्येक बाईला वाटलं पाहिजे, ही मी होऊ शकते. म्हणून तो चेहरा कुणा एकीचा राहून चालत नाही. हे मी शिकवायचो, आणि आजही मला ते खरंच वाटतं. माझ्याच घरातल्या चेहऱ्यावर ते करायला नको होतं, इतकंच.

कॅलेंडर छापून आलं. तिने ते दोन्ही हातांनी लांब धरून पाहिलं. "चांगली हाय. पर माह्या घरात हिले नका लटकवू. सवत वाटते मले." मी कॅलेंडर गुंडाळून ठेवलं.

दोन वर्षांनी पावसाळ्यात तिला हिवताप झाला आणि आठ दिवसांत ती गेली. मुलगी दीड वर्षाची होती. माझी विधवा बहीण घर सांभाळायला आली. मुलीला आई दाखवायला माझ्याजवळ दुसरं काय होतं? मी ते कॅलेंडर काढून भिंतीवर लावलं. पोर त्याच्याशी बोलायची, त्याच्यापुढे बसून वेणी घालून घ्यायची. मला बरं वाटायचं आणि आत काहीतरी कुरतडायचंही. तिची आई मला रोज हवी असायची, आणि भिंतीवरच्या त्या नितळ बाईकडे पाहून ती हवीशी वाटायची नाही. एकदा मी छापलेल्या फोटोवर ते वण आठवून आठवून पेन्सिलीने रेखायला बसलो. एकही जागेवर बसला नाही. काचेवरची पेन्सिल टर्पेंटाईनने निघते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम होतं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

मुलगी सहा वर्षांची असताना मी तिला चामोर्शीच्या बाजाराला घेऊन गेलो. वैनगंगा डोंग्याने ओलांडली, चिंचेखाली पडदा बांधला. दुपारी एक बाई फोटोला बसली. नवी साडी, कपाळावर मोठं कुंकू आणि तोंडभर देवीचे वण.

"बाबा, हिचा नका काढू फोटू," माझी पोर मोठ्याने म्हणाली. "किती घान तोंड हाय हिचं!"

ती बाई उठली, तोंडावर पदर ओढला आणि चालू लागली. मी हाका मारल्या, ती वळली नाही. मी पोरीला थोबाडीत दिली. तोवर तिच्यावर मी कधी हात उगारला नव्हता. ती रडायच्या ऐवजी माझ्याकडे बघतच राहिली. तिचा काय दोष? तिला नितळ आई मीच दिली होती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतून ती काच काढली, कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला आणि गालावरून फिरवला. माझे चार दिवस दोन मिनिटांत निघून आले. काच खिडकीकडे धरली. डाव्या डोळ्याखाली तीन, ओठाच्या कोपऱ्याजवळ एक, हनुवटीवर दाटी. मी खाली बसलो आणि तिचं नाव घेऊन रडलो.

दुपारी फोटो छापला आणि पोरीला मांडीवर घेऊन दाखवला.

"ही कोन?"

"तुही माय."

तिने भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. ही माझी माय नाही म्हणेल, असंच मला वाटत होतं.

"हे काय झालं तिले?"

"देवी आल्या होत्या. तुह्याएवढी होती तवा."

तिने हनुवटीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, एकेकावर थांबत.

"लय दुखलं असन नं बाबा तिले?"

सात वर्षांच्या संसारात मी तिच्या आईला हे कधी विचारलंच नव्हतं.