मेन स्विच बंद करणाऱ्या डॉक्टर

डॉ. वासंतीताईंची नि माझी ओळख झाली ती वादावादीतून. ऐंशीच्या दशकात मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मापनयंत्रांच्या दुरुस्तीवर होतो. बदलापूरला दवाखाना चालवणाऱ्या ताई एके दिवशी हृदयाचा आलेख काढणारं, घरी जुळवलेलं यंत्र पिशवीत घालून आल्या. सुटे भाग उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातले, कागदावर रेघ मारणारी सुई भंगारातली. मी सांगितलं, हा उद्योग सोडा, नवं मशीन घ्या.

"ते परवडत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?" ताईंनी विचारलं. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

रेघ सारखी थरथरायची. हृदयाचा विद्युतसंकेत इतका क्षीण, की भिंतीतल्या वायरीही त्यात लुडबुड करत. शिवाय घरच्या विजेवर चालणारं असलं यंत्र पेशंटच्या अंगाला लावायला ताईंचा साफ नकार. म्हणून यंत्र स्कूटरच्या बॅटरीवर, आणि तपासणीपुरता दवाखान्याचा मेन स्विच बंद. पहिला आलेख त्यांनी स्वतःचाच काढला. पुढे पुढे ताईंकडे अंधार झाला, की शेजारीही न सांगता आपले पंखे, टीव्ही बंद करत. भर उन्हाळ्यातसुद्धा कुणी कुरकुर केली नाही.

बारवी धरणाकडचे एक भातशेतकरी छाती चोळत आले. "ग्यास झालाय, बाय, गोली दे," म्हणाले. आलेख पाहताच ताईंनी त्यांना जीपने कल्याणच्या रुग्णालयात हलवलं आणि ते वाचले. कौतुक राहिलं बाजूला, वर तक्रार झाली, की हे यंत्र मान्यता नसलेलं आहे. गावातल्या इतर डॉक्टरांनी बैठक घेऊन बजावलं: यंत्र बंद करा, नाहीतर दवाखाना बंद पाडू.

यंत्र दुरुस्त करणारा म्हणून त्या बैठकीला मीही होतो. ताईंनी यंत्राच्या मर्यादा आपण होऊनच सांगितल्या; शंका आली की पेशंट मोठ्या रुग्णालयात जातो, हेही सांगितलं. मग कोरा कागद पुढे सरकवला.

"बंद करते. बारवीकडच्या पेशंटांचे आलेख उद्यापासून जो काढणार असेल, त्याने यावर सही करावी."

कागद सगळ्या टेबलावर फिरला आणि कोराच परत आला. ताई उठल्या, आणि त्याच संध्याकाळी दवाखाना नेहमीच्या वेळेला उघडला. मला त्यांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

आता ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त 'पुरे झालं' म्हणणारे पुष्कळ भेटतील. ताई, कुणाचंही ऐकू नका. तब्येत ठणठणीत ठेवा आणि खूप जगा. तुम्हाला थांबवायला येणाऱ्यांना अजून कितीतरी वर्षं हात हलवत परत जायचं आहे.