आजींच्या मागे तीस दिवस

त्या सकाळी तिने आजींची कूस बदलायला हात घातला आणि काय ते हातालाच कळलं. शेवटची चार वर्षं दर दोन तासांनी तिने त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर केलं होतं. अंगाचं वजन, ऊब, कण्हण्याचा सूर, सगळं तिच्या हातांना पाठ होतं. तरी तिने नाडी पाहिली. मग त्यांचे डोळे मिटले, केस विंचरले, चादर सारखी केली आणि त्यांच्या मुलाला फोन लावला.

इमारतीत तिला सगळे ‘आजीवाली’ म्हणत. खालचा रखवालदार, औषधाच्या दुकानातली मुलगी, समोरच्या बिऱ्हाडातली माणसं, कुणालाच तिचं खरं नाव माहीत नव्हतं. ते तिच्या पासपोर्टवर होतं आणि कामाच्या परवान्यावर. आजी बोळक्या तोंडाने हसून म्हणायच्या, “माझ्यामुळे तुला ओळख आहे. मी गेले की तुला कुत्रं विचारणार नाही.” तीही हसायची आणि त्यांच्या तोंडात पुढचा घास घालायची.

कायद्याच्या लेखी ते अगदी खरं होतं. परदेशातून आलेल्या बाईचा परवाना ज्या माणसाकडे काम त्याच्याच नावाशी बांधलेला. दरवर्षी तो वाढवून मिळायचा आणि दरवर्षी त्यावर ‘तात्पुरता’ असा शिक्का बसायचा. असे अकरा शिक्के झाले होते. आता मालकीणच उरली नाही म्हणजे परवानाही उरला नाही. तीस दिवसांत नवं घर शोधून नवा तात्पुरता परवाना काढायचा, नाहीतर देश सोडायचा. एकदा सोडला की पाच वर्षं परत पाऊल टाकता येत नाही. गावाकडे तिची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. नवरा कधीच गेला होता. घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं.

त्यामुळे आजींसाठी रडायचं राहूनच गेलं. मातीहून परतली त्याच दुपारी ती कामाच्या शोधाला लागली. आजींना व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंनी नवव्या दिवशी एक घर सुचवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त मास्तर होते, अर्धं अंग लुळं पडलेले. त्यांची सून नोकरी करायची. तिने दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाली, “या तुम्ही. पण कागद झाल्याशिवाय नको. आम्हाला भानगड नको.” कागद करायला कचेरीची वेळ घ्यावी लागे आणि ती मिळाली थेट चोविसाव्या दिवसाची.

कचेरीत जमिनीला ठोकलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. प्रत्येकाने आपापली फाइल तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती. नंबर लागला की लोक धडपडत उठत, जणू क्षणभर उशीर झाला तर खिडकीच पळून जाईल. काचेला बोलायचं भोक इतकं खाली होतं की आत बसलेल्या बाईंशी बोलायचं तर कमरेत वाकावंच लागे.

“जुन्या मालकिणीचं ना-हरकत पत्र?” खिडकीवरच्या बाईंनी विचारलं.

“त्या वारल्या, बाई. दाखला जोडलाय.”

“दाखला दिसतोय मला. पत्र दिसत नाही.”

“गेलेलं माणूस सही कशी करणार?”

बाईंनी चष्मा गळ्यातल्या साखळीवर सोडला. त्या चिडल्या नव्हत्या. हा प्रश्न त्यांना दिवसातून चारदा ऐकावा लागत असावा. “वारसाची सही चालते. तिसाव्या दिवशी एकच्या आत आणा. एकनंतर मी काही करू शकत नाही.”

तिला वाटलं, एवढंच ना. आजींचा मुलगा म्हणजे घरचाच माणूस. बाजारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आईला भेटायला यायचा, पंधरा मिनिटं बसायचा आणि जाताना तिला म्हणायचा, “तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते.”

त्याने तिला दुकानात मागच्या बाजूला बसवलं, चहा मागवला. न विचारता तिचा चष्मा काढून घेतला, काचा पुसल्या, सैल झालेला स्क्रू पिळला. तिने कागद पुढे केला तेव्हा मात्र त्याने हात मागे घेतला.

“हे नको. वकिलांनी सांगितलंय, कशावरही सही करायची नाही. घराचं प्रकरण कोर्टात जाणार आहे. मी वारस म्हणून सही केली की बहीण म्हणणार, बघा, हा आधीच मालक होऊन बसला.”

“दादा, यात घराचा शब्दही नाही. मी तुमच्याकडे काम करत होते आणि आता दुसरीकडे जायला हरकत नाही, एवढंच.”

“मला कळतंय. पण वकील...”

“सहाच दिवस आहेत, दादा.”

“सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर लगेच करून देतो. शब्द देतो.”

“पुढच्या महिन्यात मी इथे नसेन.”

त्याने पुसलेली काच पुन्हा पुसली. “तुमच्या आईचं मी...” असं म्हणायला ती गेली आणि तिचं तिलाच थांबावंसं वाटलं. पुढे काय म्हणणार? शी-मू काढलं, जखमा धुतल्या, चार वर्षं सलग झोप घेतली नाही? ते बोलून दाखवलं असतं तर केलेलं सगळं मातीमोल झालं असतं. त्याने चष्मा तिच्या हातात दिला. “आता नीट दिसेल,” तो म्हणाला. तिथून ती बाहेर पडली तेव्हा रस्त्यावरची एकेक पाटी स्वच्छ दिसत होती आणि कुठे जावं ते कळत नव्हतं.

पुढचे तीन दिवस तिने उंबरे झिजवले. एका संस्थेत फुकट सल्ला मिळतो म्हणून गेली, तिथे सल्ला देणारे सुट्टीवर होते. मास्तरांच्या सुनेला फोन केला, ती म्हणाली, “तुमची मुदत आहे तोवर थांबते. मग दुसरी बघावी लागेल, माझाही नाइलाज आहे.” मुलीचा फोन आला तर तिने उचलला नाही. आवाजावरून पोरीने ओळखलं असतं. आजींच्या रिकाम्या खोलीत ती पलंगाशेजारच्या आपल्या अंथरुणावर पडून राहायची आणि दर दोन तासांनी आपसूक जाग यायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती नंबर न घेताच खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मागचा माणूस कुरकुरला. “बाई, मुलगा सही करत नाही. दुसरा काही रस्ता आहे का?”

“मुलगाच हवा असं कुठे लिहिलंय?” बाई मान वर न करता म्हणाल्या. “वारस म्हणजे कुणीही वारस.”

कुणीही म्हणजे एकच होती. आजींची मुलगी. सात वर्षांत तिने आईचं तोंड पाहिलं नव्हतं. एकदा फोनवर तिने आजीवालीला सुनावलं होतं, “तूच तिचे कान भरतेस. परकी बाई घरात घुसली आणि मी परकी झाले.” तेव्हापासून आजीवालीचा आवाज ऐकला की ती फोन ठेवून द्यायची.

एकोणतिसाव्या दिवशी बसने दोन तास प्रवास करून ती शहराबाहेरच्या रोपवाटिकेत पोचली. आजींची मुलगी तिथे एकटीच रोपं पिशव्यांतून कुंड्यांत लावत होती. पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला गोणपाट बांधलेलं, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. तिने आजीवालीला ओळखलं आणि हातातलं रोप खाली ठेवलं.

“दादाने पाठवलं?”

“नाही. दादा सही करत नाहीत. म्हणून आले.”

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुलगी ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. मग ती म्हणाली, “शेवटी माझी आठवण काढली का तिने?”

आजीवालीच्या ओठांवर ‘रोज’ हा शब्द आला होता. तेवढं बोललं की सही झालीच असती. पण खरं निराळंच होतं. आणि ते सांगितलं तर ही बाई हाकलून देईल, अशी धास्तीही होती. फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरून ती म्हणाली,

“ताई, त्यांना शेवटी कुणी ओळखू येत नव्हतं. दोन वर्षं त्या मलाच चिमी म्हणत होत्या. आधी मी सांगायचे, मी चिमी नाही. मग त्या रडायच्या, चिमी कुठेय म्हणून. शेवटी मी ओ द्यायला लागले. माझं चुकलं असेल तर माफ करा.”

चिमी हे मुलीचं लाडाचं नाव होतं.

“काय म्हणायची चिमीला?”

“केस ओले ठेवू नकोस म्हणायच्या. दिवसातून दहादा.”

मुलगी नळापाशी गेली. पाठमोरी उभी राहून ती हात धूत राहिली. माती कधीच निघून गेली तरी धूत राहिली. संपलं सगळं, आजीवालीच्या मनात आलं. परतीची बस कितीची, एवढंच ती आठवू लागली.

“पेन आहे का?” मुलीने विचारलं. सही करताना तिचा ओला अंगठा कागदावर टेकला आणि कोपऱ्यात तपकिरी डाग पडला. “दादाला सांगू नका,” ती म्हणाली, आणि मग, “नाही, सांगा. सांगाच त्याला.”

तिसाव्या दिवशी उजाडायच्या आत ती कचेरीच्या दारात होती. तरी नंबर आला एकशे बारा. साडेबाराला पाटीवर सत्त्याण्णव होता. तिच्या घशाला कोरड पडली, पण पाणी प्यायला उठली आणि नंबर हुकला तर, म्हणून ती खुर्चीला खिळून बसली. एकला आठ मिनिटं कमी असताना तिचा आकडा लागला.

“हा डाग कसला?”

“माती आहे, बाई. सही करणाऱ्या ताई रोपं लावतात.”

बाईंनी कागद उजेडाकडे धरला, सही पुन्हा वाचली, काचेआड कुणाला तरी काहीतरी विचारून आल्या. मग शिक्का उचलला. नव्वद दिवस. तात्पुरता.

जिन्याच्या पायरीवर बसून तिने गावाकडे आपल्या मुलीला फोन लावला. “झालं गं,” एवढंच बोलता आलं. “आई, तू रडतेयस का?” मुलीने विचारलं. “आजी गेल्या ना,” ती म्हणाली, आणि मग तिला कितीतरी वेळ उठता आलं नाही.

चार वाजता ती मास्तरांच्या घरी पोचली. सुनेने कागद नीट पाहिला, त्याची प्रत काढून ठेवली आणि खोली दाखवली. मास्तर उशाला टेकून बसले होते. अर्ध्या तोंडाने ते म्हणाले, “या.” तिने हात धुतले, चादर सारखी केली, पाठीला कुठे लाली आलीय का ते पाहिलं. मग तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. घोट्याशी सूज होती. तिने बोटाने दाबून पाहिलं, खळगा तसाच राहिला. नखं निळसर होती, श्वास वरवरचा. अकरा वर्षांत तिने हे सगळं हजारदा पाहिलं होतं, माणसाला बरं वाटावं म्हणून. या वेळी मात्र मनात आधी हिशेब उभा राहिला, हे किती काढतील? वर्ष? की नव्वद दिवससुद्धा नाही?

तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मास्तरांकडे पाहवेना.

“काय बघताय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि त्यांच्या पायाखाली उशी सरकवली.